ओल्या पडद्याच्या मागं

खामगावची सर्व्हिस मोटार जानेफळच्या नाक्यावर उभी होती आणि ड्रायव्हर उगाच हॉर्न वाजवून सगळ्यांची घाई करत होता. लढाईचे दिवस होते. यांना खडकीच्या कारखान्यात काम लागलं होतं, आता राहायला खोलीही मिळाली होती, म्हणून मला न्यायला आले होते. बाबा टपावर माझी पेटी बांधत होते. इतर मुलींच्या आया अशा वेळी सांगतात, नीट राह्य, उलटून बोलू नको, सणाला येजो. माझी माय खिडकीशी आली, मळ्यातली वांगी आणि ओल्या मिरच्या माझ्या मांडीवर ओतल्या आणि म्हणाली, "पुण्यात रोज नवं चित्र लागते म्हणे. डोये उघडे ठेवून पाह्यजो व बाई. आली का मले समदं सांगा लागन." मोटार हलली तेव्हा मी वांगी सावरत होते, त्यामुळं रडायचं राहूनच गेलं. ते जलंबला गाडी बदलताना आठवलं, आणि मग मनमाडपर्यंत पुरलं.

हे लिहिते आहे ते तुमच्यासाठी, ज्या तंबूत माझ्या मांडीला मांडी लावून बसायच्या. आणि तुमच्यासाठीही, ज्या नवऱ्याच्या नोकरीमागं नागपूर-मुंबईला गेल्या आणि आता थेटरात शहाण्यासारख्या गप्प बसतात. तुम्हाला राग येत नाही का? मला फार येतो.

कापूस वेचून झाला, लोकांच्या हाती चार पैसे खुळखुळू लागले, की आपल्याकडं सिनेमाचा तंबू यायचा. मधोमध पांढरा कपडा टांगलेला. पुढं पुरुष आणि मशीन, मागं आपण बाया. बायांची अब्रू म्हणून ही सोय, असं तंबूवाला सांगायचा, आणि तिकीटही आपल्याला अर्धंच होतं. पण कपडा वाळला की मागून चित्र पुसट दिसायचं. मग कुणीतरी उठून तांब्यानं त्यावर पाणी मारायचं. माझी माय माळीण. पाणी देणं तिला कुणी शिकवायला नको. वाफ्याला पाणी सोडावं तसं ती पडद्याला वरून खाली सारखं पाणी द्यायची. कपडा भिजत गेला की राजाचं आधी तोंड दिसायचं, मग गळ्यातले हार, मग सिंहासन.

आवाजाचा भोंगा आपल्याच बाजूला, पडद्याला लागून. आपलं बोलणं पुढं ऐकू जायची सोयच नव्हती, म्हणून आपण मन मोकळं करून बोलायचो. भोंग्याच्या वर आवाज काढावा लागायचा आणि मायचा निघायचा. सासू सुनेला छळू लागली की माय तिला नाव ठेवायची, नायिका रडू लागली की दम द्यायची, "रडतं काय, उचल ते लाकूड!" चित्र संपलं तरी आपलं संपत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मिरच्या खुडताना पुन्हा पहिल्यापासून. "चांगलं होतं" एवढ्यावर मायनं कुठलंच चित्र सोडलं नाही. चित्र चांगलं असलं तर ती जास्तच भांडायची.

त्यात त्या सावत्र राजपुत्राच्या चित्राचं भांडण तर कितीतरी वर्षं चाललं. शेवटी तो राज्य सोडून जातो आणि जाताना सगळं दान करतो. "डाव्या हातानं दान देते लेकाचा, त्याले पुण्य कायचं लागते?" हे मायचं म्हणणं. शेजारच्या मळ्यातली गोदामावशी कुंपणापलीकडून म्हणायची, "अव, उजवा हात लढाईत दुखावला असन ना त्याचा!" "मंग भाकर बी डाव्याच हातानं खाऊन राह्यला होता, थे लढाईच्या आधीच!" एवढं होऊनही आपण हरलो, असं गोदामावशी कधी म्हणाली नाही. मी चौथी शिकलेली. पडद्यावरची उलटी अक्षरं मी सुलटी करून सगळ्यांना वाचून दाखवायचे आणि तोऱ्यात असायचे. अक्षरं उलटी आहेत हे मला कळत होतं. माणसंही उलटी आहेत, हे माझ्या काय किंवा तुमच्यापैकी कुणाच्याही मनात आलं नाही.

पुण्याला आल्यावर पहिल्यांदा चित्राच्या पुढं बसले. पंखे, खुर्च्या, मधल्या सुटीत चहा. अक्षरं सरळ आली, आणि खरं सांगते, मलाच ती उलटी वाटली. नायिकेचा पदर डाव्या खांद्यावर, नथ डाव्या नाकपुडीत, सगळं जगासारखं. किती छान दिसतं म्हणून मी यांच्याकडं वळून काही बोलायला गेले, तर हे म्हणाले, "हळू. इथं बोलत नाहीत." हे लोणारजवळच्या सुलतानपूरचे. पण माणूस पुण्याचं पाणी प्यायला की पुणेकर व्हायला वेळ लागत नाही.

चित्रं तर काय एकेक! नायिकेला खोकला आला की समजावं, आता दोन गाणी आणि एक डॉक्टर. खेड्यातली बाई रिकामी घागर कमरेवर घेऊन अशी लचकत चालते की बघून माझीच कंबर दुखते. भरलेली घागर घेऊन लचकून दाखव म्हणावं. शेतकऱ्याच्या धोतराला इस्त्री. खेडवळ गडी जे बोलतो ते महाराष्ट्रातल्या कुठल्याच गावचं नाही, पण लोक हसतात. देवादिकांच्या चित्रात देवाला वर ओढणारी दोरी मला स्पष्ट दिसते, आणि शेजारी बसलेला माणूस हात जोडतो. हे सगळं मला त्याच वेळी, तिथंच, मोठ्यानं म्हणायचं असतं. घरी येऊन चूल पेटवेपर्यंत त्याची चव जाते.

शेजारी कुसुमताई राहायच्या. स्वभावानं चांगल्या होत्या, पण त्या सिनेमाबद्दल बोलू लागल्या की मला वाटायचं, आजारी माणसाच्या खोलीत बसले आहे. "नायिकेचा अभिनय फार संयत होता," त्या एकदा म्हणाल्या. मी यांना विचारून घेतलं, तेव्हा कळलं, बाईनं काहीच केलं नाही म्हणजे संयत. दुसऱ्या दिवशी मी त्यांना गाठून म्हणाले, "अहो, तिचं लेकरू हरवलं होतं! आमच्याकडं वासरू हरवलं तर गाव गोळा होतं." कुसुमताई गोड हसल्या आणि त्यांनी विषय बदलला. मला भांडायचं होतं आणि भांडायला माणूस नव्हतं. यानं जितकं परदेशात आल्यासारखं वाटलं, तितकं दुसऱ्या कशानं वाटलं नाही.

अशात ते राजपुत्राचं जुनं चित्र पुन्हा लागलं. मी यांच्या मागं लागून पाहायला गेले. आम्ही पोचलो तोवर त्याची भाकर खाऊन झाली होती. शेवट आला, राजपुत्रानं दान दिलं, उजव्या हातानं. मी खुर्चीतून उठून उभीच राहिले. मागचे ओरडले तेव्हा बसले. एवढ्या वर्षांचं भांडण, आणि तो माणूस डावखुरा नव्हताच! रात्रभर मला हसू येत होतं आणि हे कुणाला सांगू असं झालं होतं. मायला नुसतं सांगण्यात मजा नव्हती. तिला हे तिच्या डोळ्यांनी दाखवायचं, असं मी ठरवलं. मळ्यात काम कमी होतं, बाबांनी तिला गाडीत बसवून दिलं, आणि ती वांग्यांची टोपली डोक्यावर घेऊन पुण्याच्या स्टेशनावर उतरली.

मी तिला काही सांगितलं नव्हतं. सासूबाई आल्या म्हणून यांनी वरच्या वर्गाची तिकिटं काढली. खालच्या बाकांवर बसलो असतो तर बरं झालं असतं, तिथं शिट्ट्या वाजवणारेही असतात. आधी हातानं काढलेल्या हलत्या चित्रांची छोटी रीळ लागली. मांजर उंदरामागं धावतं, त्याच्यावरून रस्ता दाबायचा रूळ जातो, ते पापडासारखं चपटं होतं आणि उठून पुन्हा धावतं. माय खदखदून हसली. "मरत काऊन नाही व हे?" तिनं मोठ्यानं विचारलं. सगळं थेटर हसत होतं, त्यात ते खपून गेलं. तिला वाटलं, इथंही आपल्यासारखंच आहे.

मग राजपुत्र आला आणि भाकरीला हात घातला. माय ताडकन उठली. "अव माय! हा तं उजवा हाय! पाह्य व, उजव्या हातानं खाऊन राह्यला! आपन मांगून पाहत होतो म्हनून..." तिला त्या क्षणी सगळं कळलं. तिचं तोंड मी पाहिलं आहे, पडद्याच्या उजेडात. एवढा आनंद मी तिच्या तोंडावर फार कमी वेळा पाहिला.

पुढच्या खुर्चीतला एक कोटवाला वळला आणि म्हणाला, "कुठून आणता हो असली माणसं?" दोघं-तिघं हसले. दारावरचा माणूस टॉर्च घेऊन आला आणि त्यानं उजेड सरळ मायच्या तोंडावर मारला. मी त्या कोटवाल्याला म्हणाले, "तुमच्या घरी आया नसतात का?" हे मायला म्हणाले, "मामी, बसा, बसा." आणि मायनं माझा पदर ओढला. "बस व. चूप राह्य." राजपुत्रानं दान दिलं तेव्हा मी तिच्याकडं पाहिलं. ती पडद्याकडं नाही, मांडीवरच्या हातांकडं पाहत होती.

दुसऱ्या दिवशी कुसुमताई म्हणाल्या, "तुमच्या आई फारच मोकळ्या आहेत हं." त्या कोटवाल्यापेक्षा मला हेच जास्त लागलं. माय गाडीत बसली तेव्हा मी विचारलं, "माय, चित्र कसं होतं?" ती म्हणाली, "चांगलं होतं."

एवढंच. चांगलं होतं.

त्यानंतर सुगी आटोपल्यावर मी जानेफळला आले, तर गोदामावशीनं मला कुंपणाशीच गाठलं. "काऊन व, तुया मायले काय केलं पुण्यात? त्या राजपुत्राचा हात कोनता म्हनून इच्यारलं, तं म्हनते ध्यान नाही राह्यलं! बोलतच नाही चित्रावर!" जिंकायची एवढी आयती संधी, आणि मायनं ती सोडून दिली होती. मळ्यात ती पाटाशी बसलेली होती. मी किती चित्रांच्या गोष्टी काढल्या, मुद्दाम चुकीच्या सांगितल्या. ती "हाव" म्हणायची आणि खुरपं चालवायची. तोंडात मीठ नसल्यासारखे माझे ते दिवस गेले.

तंबू आला होता. आता सुधारणा झाली होती, बायाही पुढं, मधे दोर बांधलेला. मागं कुणी बसत नव्हतं. मी मायला ओढून नेलं. चित्र माळ्याच्या मुलीचं. मला वाटलं, आता तरी! ही माळ्याची मुलगी भर उन्हात मिरचीच्या रोपांना पाणी देत होती. मग गाणं सुरू झालं आणि ती वाफ्यांतूनच नाचत सुटली, कोवळी रोपं पायाखाली. माळ्याच्या घरातलं शेंबडं पोरही असं करत नाही. मी मायकडं पाहिलं. तिनं पदराचा बोळा दातांत धरला होता. ते पाहून माझ्या डोक्यात जे भरलं ते त्या कोटवाल्याच्या वाट्याचं होतं, कुसुमताईंच्या वाट्याचं होतं, आणि थोडं मायच्याही.

"ऊठ," मी म्हणाले आणि तिचा हात धरून तंबूला वळसा घालून मागं नेलं. मागं दोरखंड, एक बसलेली गाय आणि बाकावर ठेवलेला भोंगा. पडदा कोरडा ठणठणीत, त्यावर नुसत्या सावल्या हलत होत्या. माय पाहत उभी राहिली. मला वाटलं, हरले. मग ती म्हणाली,

"वायला व हा पार. पानी आन."

मशीनला वीज देणाऱ्या इंजिनाशी बादली होती. तांब्याही सापडला. मायनं पदर खोचला आणि वरून खाली, सारखं, पाणी सोडलं. आधी त्या मुलीचं तोंड आलं, मग उजव्या नाकपुडीतली नथ, मग वाफे. आणि मायचा आवाज भोंग्याच्या वर गेला, "अव भवाने! खाली पाह्य! रोप तुडवून राह्यली, कोनाच्या घरचं खातं तू?" मीही ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. दोरी दिसणारे देव, इस्त्रीची धोतरं, रिकाम्या घागरी, सगळं एकदम निघालं असेल.

पुण्यात माझी खोली आहे, चूल आहे, आता मुलगाही आहे. तिथं चित्र सरळ दिसतं, हे मी नाकारत नाही. पण घर म्हणाल तर मला ओल्या कपड्याच्या मागची ती जागा आठवते, आणि पुण्याच्या एकाही थेटरात ती नाही, याचा राग माझ्या मनातून जात नाही.

आवाज ऐकून गोदामावशी आपलं बसकर घेऊन मागं आली. पडद्याकडं पाहून म्हणाली, "डावखुरी हाय का व ही?"

"नाही व," माय म्हणाली, "उजवीच हाय. आपनच मांगं बसलो." आणि तिनं आणखी एक तांब्या मारला.