भिंतीवरचं ग्रहण

संपाच्या दोनेक वर्षं आधी मोठं सूर्यग्रहण झालं, तेव्हा बाबा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. विणाई खात्याच्या छपरातल्या काचा सगळ्या उत्तरेकडे तोंड करून. आत उजेड भरपूर यायचा, सूर्य कधीच नाही. त्यामुळे त्या दुपारी त्यांना फक्त कापड जरा मळकट दिसलं. संप झाला, गिरणी बंद पडली, बाबा प्रभादेवीला वॉचमन झाले, तरी ती चुकामूक त्यांच्या डोक्यातून गेली नाही.

पुढचं मोठं ग्रहण आलं ते पंधरा वर्षांनी, दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. मला सातवा महिना होता आणि मी काळाचौकीला माहेरी आले होते. बाबांनी पेपरातला नकाशा कापून कपाटावर चिकटवला. पूर्ण ग्रहणाचा पट्टा राजस्थानातून, उत्तर प्रदेशातून जात होता. मुंबईला पाऊणच.

"पाऊण तर पाऊण," ते म्हणाले. "पण पोरीला दाखवायचं."

आई कोकणातली, ग्रहण पाळणारी. ती भडकली. "पोटुशी बाई ती! तिच्या अंगावर ग्रहणाचं ऊन पडता नये. तुमी काय ते बघा, ती घरातून हलणार नाही."

"नको हलू दे. मी घरात आणतो."

त्यांनी दाढीचा आरसा घेतला, त्यावर काळा कागद चिकटवला आणि कागदाला वाटाण्याएवढं भोक पाडलं. चौकापलीकडच्या चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर सकाळचं ऊन यायचं. आमची खोली तिच्या बरोबर समोर, पण पाठीला सूर्य. ग्रहण लागल्यावर बाबा आरसा आणि कणकेचा गोळा घेऊन तिकडच्या गॅलरीत जाऊन उभे राहिले. मी पलंगावर आडवी होते. आईने खिडकी लावली, दाराची एक फळी लोटली, दुसरी उघडी ठेवली आणि माझ्याकडे पाठ करून जप धरला.

आधी भिंतीवर उजेडाचा एक डाग पळत सुटला. कॅलेंडरवर, घड्याळावर, पुन्हा छताला.

"बाबा, हलतंय!" मी ओरडले.

समोरून आवाज आला, "थांब गो! आरसा हातात धरलाय."

मग त्यांनी आरसा कठड्यावर टेकवून मळलेल्या कणकेने घट्ट बसवला असावा, कारण डाग स्थिर झाला. बशीएवढा सूर्य आणि त्याची एक बाजू खाल्लेली. बघता बघता तो विळ्यासारखा झाला. शेजारच्या खोलीतली म्हातारी दारात आली, तिच्या मागे आणखी दोघी. गॅलरीत जायची कुणाची हिंमत नव्हती, पण भिंतीकडे बघायला काय हरकत, असं त्यांनी आपसांतच ठरवलं. उजेड पिवळट, थंड झाला होता. कबुतरं पत्र्यावर गप्प बसली होती.

आईचा जप मधेच थांबला. तिने मान वळवली.

"एवढुसा उरला?" ती म्हणाली.

"आई, हा भिंतीवरचाय. बघितलास तर चालेल."

"बघितलाच की."

सूर्य पुन्हा भरत जाईपर्यंत ती तशीच बसून राहिली. ग्रहण सुटल्यावर मात्र तिने मला डोक्यावरून आंघोळ करायला लावली आणि बाबांनाही. कणीक टाकून दिली.

मुलगी जानेवारीत झाली. आईने तिला उलटसुलट करून ग्रहणाचा डाग कुठे दिसतो का पाहिलं आणि तिला परत माझ्या कुशीत दिलं.

चार वर्षांनी ऑगस्टमध्ये पूर्ण ग्रहणाचा पट्टा कच्छवरून जाणार होता. बाबा गिरणीतल्या दोन जुन्या सोबत्यांना घेऊन भुजला गेले. तिघांना ढगच भेटले. "अंधार मात्र खरा," परत आल्यावर ते सांगत होते. "एकदम पडला, कुत्री गप्प. मिनिटभर. सूर्य काही दिसला नाही."

आईने त्यांचे ओले कपडे घेतले आणि विचारलं, "आता पुढचं कुठे?"

"सुरतेवरून. दहा वर्षांनी. तेव्हाही पावसाळाच."

"सुरत जवळ हाय," आई म्हणाली. "मी पण येईन."