सईने पूर्ण टाकलेला सामना

हे मी कुणापाशीच बोललेले नाही. देवापाशीसुद्धा नाही — तिथे मी दुसरंच काहीतरी मागत बसते. तुला सांगते.

माझी नात सई बेसबॉल खेळायची. चेंडू टाकायची. त्या खेळात जो टाकायला सुरुवात करतो, तो शेवटपर्यंत क्वचितच राहतो. हात दमला की दुसऱ्याला आणतात. सईला मात्र एकदा तरी अख्खा सामना आपणच टाकायचा होता. आणि मला? खरं सांगू — मला तिच्याहून जास्त. माझी शाळा चौथीतच सुटली होती... पण ते राहू दे. ते कारण नव्हे.

तिचं कोपर दुखायचं. "आजी, मॉमला सांगू नकोस हं, प्रॉमिस." मग मुलगा-सून ऑफिसातून यायच्या आत मी तव्यावर मीठ गरम करून पुरचुंडीने तिचा हात शेकायचे. तेल चोळायचे. वास जावा म्हणून खिडक्या उघडायचे — आमच्या शुगर लँड गावातल्या त्या उकाड्यात! दुखणं त्याने जाईल असं मला वाटत होतं का? वाटवून घेत होते.

त्या दिवशी सामन्याचा शेवटचा डाव राहिला होता, तोवरचे सगळे सईनेच टाकले होते. मुलगा-सून अजून पोचले नव्हते. सई "आय ॲम फाइन" म्हणाली, तरी कोच मैदानाच्या कडेच्या जाळीपाशी माझ्याकडे आले. वयस्कर, शांत माणूस. स्वतःच्या कोपराला हात लावून, सईकडे बोट दाखवून हळूच म्हणाले, "पेन?"

हा शब्द मला येतो. माझ्या गुडघ्यांसाठी डॉक्टर दर वेळी तेच तर विचारतात. सई माझ्याकडे बघत होती.

"नो पेन," मी म्हटलं. अगदी स्पष्ट.

तिने सामना पूर्ण केला. सगळ्यांनी तिला उचलून घेतलं, मी टाळ्या वाजवल्या. घरी येताना गाडीत तिला हात सरळ करता येईना. पुढे ऑपरेशन झालं. आता लिहिते, जेवते — चेंडू टाकत नाही.

मुलाने कोचची तक्रार केली. घरी येऊन सुनेला म्हणाला, "काय थापा मारतोय यार! म्हणे, आजींना विचारलं होतं. आईला इंग्रजीतलं ओ की ठो कळत नाही!" मग माझ्याकडे वळला. "काय गं आई, विचारलं होतं का त्याने काही?"

"नाही रे," मी म्हटलं.

सई तिथेच बसली होती, हात गळ्यात बांधलेला. काही बोलली नाही. अजूनही बोललेली नाही.

कोचना काढून टाकलं.

परवा ते दुकानात भेटले. थांबले. सईचा हात कसा आहे ते विचारलं — सावकाश, एकेक शब्द सुटा करून, मला समजावं म्हणून. मला सगळं समजलं. समजलं नाही अशी मी मान हलवली, आणि पुढे गेले.