फक्की मारलेलं मैदान

रत्नपालला आधी हॉकी आली की आधी अक्षर, हे त्याला स्वतःलाही सांगता यायचं नाही. बाप महूच्या पलटणीतून सुटून इंदूरला आला आणि पोराला त्यानं मिशनच्या शाळेत घातलं. तिथले डनबार पादरी खमके माणूस. हॉकीच्या स्टिका त्यांच्या ताब्यात. स्टिक मागायला येणाऱ्या पोरानं आधी धडा वाचून दाखवायचा. अडखळला की परत बाकावर. ज्यांच्या घरात कुणी कधी पाटी धरली नव्हती, ती पोरं अशी चेंडूच्या लोभानं वाचायला शिकली.

पादऱ्यांची आणखी एक रीत होती. बाहेरचं कुणी येणार असलं की मैदानावर रोलर फिरवायचा, पांढऱ्या फक्कीनं रेषा मारायच्या, आणि खेळ संपला की हरलेल्यानं आधी हात पुढे करायचा. एकदा मिशनचे मोठे साहेब पार कॅनडाहून आले. आखलेलं मैदान पाहून असे खूश झाले की शाळेला नव्या खोल्या बांधून मिळाल्या. रत्नपालच्या डोक्यात ते घट्ट बसलं.

पुढे हॉकीवरच कापडाच्या मिलनं त्याला चिकटवला. दिवसा साच्यावर कापड विणायचं, संध्याकाळी मिलची टीम. मिलमागच्या मैदानावर तो चाळीतल्या पोरापोरींना शिकवायचा, पादऱ्यांसारखंच. आधी धडा, मग स्टिक.

"मन लावून करा रे," म्हणायचा, "मिल घेईल तुम्हाला."

मग एक दिवस भोंगा वाजलाच नाही. त्याच्या शेजारच्या साच्यावरचा पंढरीनाथ फाटकाच्या कुलपाकडे बघत म्हणाला, "पेपरात तर लिहितात, देशाचे दरवाजे जगाला उघडले. आपणच काय घोडं मारलं भिया कुणाचं?"

रत्नपालची बायको चंपा सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊबाजारात एका चाटवाल्याकडे भांडी घासायला जाऊ लागली. रत्नपाल बांधकामावर विटा वाहायचा आणि संध्याकाळी मैदानावर जायचा. मिल गेली, टीम गेली, पण मैदान होतं. तेवढ्यावर तो उभा होता.

अशात खबर आली, साहेब मैदान पाहायला येणार.

"लिलाववाले असतील," पंढरीनाथ म्हणाला. "उद्या सगळे फाटकात आडवे पडू. हलायचंच नाही."

"येडा झालास का? पाहायला येतात म्हणजे ठरलं नाही अजून. पोरं खेळताना दिसली, मैदान नीटनेटकं दिसलं, तर म्हणतील, राहू द्या, इथं पोरांसाठी शाळा काढू."

"तुझा पादरी बसलाय का तिथं?"

"एकदा ऐक माझं, पंढरी."

चाळीत रत्नपालचं ऐकायचे. त्यानं ज्यांच्या पोरांना वाचायला शिकवलं होतं, ते आडवे कसे पडणार? पहाटे त्यानं रोलर ओढला. काटेरी झुडपं उपटली. डब्यातली उरलीसुरली फक्की चाळून रेषा मारल्या, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, सरळसोट. धुतलेल्या कपड्यांत पोरं रांगेनं उभी केली.

जीप आली. साहेबाच्या माणसांनी मोजणीची टेप काढली आणि फक्कीच्या रेषेवरच धरली.

"वाह दादा," साहेब म्हणाला, "आपने तो हमारा काम आसान कर दिया. झाड़ियों में पूरा दिन निकल जाता."

"साहब, स्कूल के लिए?"

"कौन सा स्कूल? प्लॉट कटेंगे यहाँ. ऐसी लेवल ज़मीन तो हाथोंहाथ जाएगी."

पोरं शिट्टीची वाट पाहत होती. रत्नपालनं शिट्टी गळ्यातून काढून खिशात टाकली. साहेब जीपकडे वळला तसा रत्नपाल त्याच्यामागे गेला आणि त्यानं हात पुढे केला. साहेबानं तो हसून हलवला.

"कमाल केली भिया," मागून पंढरीनाथ म्हणाला. "आता हारही घाल." तेव्हापासून तो रत्नपालशी बोलला नाही.

मैदानाभोवती भिंत चढली. थोडे दिवस पोरं पुस्तकं घेऊन रत्नपालच्या खोलीसमोर येत राहिली. धडा वाचून दाखवायची आणि स्टिक हातात घेऊन तिथंच उभी राहायची. खेळायला जागा कुठं होती? हळूहळू पुस्तकंही यायची थांबली. कुणी राजवाड्याकडे हातगाडी ढकलायला गेलं, कुणी धुण्याभांड्याला.

पावसाळ्यात घरातलं रॉकेल संपलं, सरपण भिजलं. चंपानं कोपऱ्यातल्या स्टिकांना हात घातला आणि नवऱ्याकडे पाहिलं.

"दुसरं कोरडं लाकूड आहे का घरात?"

त्यानं मान हलवली, नाही म्हणून. मग उठून त्यानंच त्या पायाखाली धरून मोडून दिल्या.