वाऱ्याचा मोजा

फवारणीच्या औषधाचा गोडसर, उग्र वास आला की मला वडनेरजवळचं आमचं वावर आठवतं. मी सहावीत होते. सरांनी वर्गात विमानतळ शिकवला होता. धावपट्टीजवळ खांबावर वारा दाखवणारा कापडी मोजा असतो आणि विमान वाऱ्याकडे तोंड करून उतरतं, हे मला फारच आवडलं होतं. रविवारी मी जुन्या नारिंगी परकराचा तसा मोजा शिवून वावराच्या कडेच्या धुऱ्यावरच्या बांबूला बांधला. काका पाठीवर पंप घेऊन कपाशीच्या छातीएवढ्या पऱ्हाटीत शिरत होते. टम्म फुगलेला मोजा पाहून ते हसले. “मंग मी कोनीकडं तोंड करून जाऊ वं, मास्तरीन?” “वाऱ्याकडं,” मी रुबाबात सांगितलं. ते खरंच तसे गेले. तोंडाला रुमालसुद्धा नव्हता. फवाऱ्याचं पांढरं धुकं पावलोपावली उलटून त्यांच्याच अंगावर येत होतं, आणि मी मात्र मोजा नीट फुगलाय ना, तेवढंच पाहत होते. दोनेक तासांनी ते मधेच थांबले. अंग घामानं निथळत होतं, ओठांवर लाळ आली होती. “काऊन वं, इतक्यात अंधारून आलं?” त्यांनी विचारलं. ऊन डोक्यावर होतं. आठ दिवसांनी ते दवाखान्यातून घरी आले आणि विचारेल त्याला “दवाईच कडक होती” एवढंच सांगत राहिले. आता मीही सहावीला तोच धडा शिकवते. विमान वाऱ्याकडे तोंड करून उतरतं, असं फळ्यावर लिहिते आणि त्याखाली पुस्तकात नसलेली एक ओळ लिहिते: फवारताना वाऱ्याकडे पाठ.