एका खोलीचे दोन तह

इथे कतारमध्ये, अल हिलालमधल्या आमच्या व्हिलातली मागची एकच खोली मी दोघांना कबूल केली होती. दोघांनाही ‘तुझीच समज’ म्हणून.

गेल्या शुक्रवारपर्यंत हे माझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. बायकोला अजूनही नाही. तुमच्याबरोबर तिलाही आता कळेल, आणि मग घरात माझं काय होईल – ते तुम्हीच ठरवा.

मला नाही म्हणता येत नाही, असं मी लोकांना सांगतो. लोक त्याला चांगुलपणा समजतात. खरं सांगू? ‘हो’ म्हटल्यावर समोरच्याचा चेहरा उजळतो ना, तो बघायला मला आवडतो. पुढचं पुढे.

व्हिला माझ्या नावावर भाड्याने घेतलेला. खोल्या मी आपल्याच माणसांना द्यायचो. मागची खोली सगळ्यांत भारी – वेगळं दार, वेगळं बाथरूम, गॅसपुरता ओटा. म्हणजे बायकामुलांना आणता येईल अशी. अल्ताफ दापोलीचा, इंडस्ट्रियल एरियातल्या वर्कशॉपमध्ये सुपरवायझर. त्याच्या बायकोला गावी दिवस गेलेले. बाळ-बाळंतिणीला इथे आणायचं, एवढं एकच त्याच्या डोक्यात. तो बांगडे तळत होता आणि मी ते फुकट खात होतो. अशा वेळी माणूस काय कबूल करणार नाही? ‘रिकामी झाली की तुझी,’ म्हटलं. मग थोड्याच दिवसांत संदेशने – लातूरचा, आयटीतला, नुकतंच लग्न झालेला – मला त्याच्या नव्या गाडीतून फिरवलं. एसी छान होता. त्यालाही म्हटलं.

खोली रिकामी झाली तेव्हा संदेशच्या बायकोचं तिकीट निघालेलं होतं. खोली त्याला गेली. आणि अल्ताफला? अल्ताफला मी सांगितलं, की घरमालकाला व्हिलात तान्हं मूल नको आहे.

बघा – खोली दोघांना कबूल करणं हा मूर्खपणा. पण हे दुसरं? त्याला मूर्खपणा म्हणून मला सुटता येत नाही. घरमालक म्हणजे म्हातारा कतारी गृहस्थ, दिसेल त्या पोराच्या खिशात चॉकलेटं कोंबणारा. रमजानमध्ये त्याने सगळ्यांना खजूर पाठवले, तर अल्ताफने आपला डबा न उघडता परत केला. म्हाताऱ्याने मला विचारलं, हा रागावलाय का? मी म्हटलं, छे, पोट बिघडलंय त्याचं. एका खोट्याला दुसरं जोडण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

परवडेल अशी दुसरी जागा अल्ताफला मिळेपर्यंत त्याची मुलगी, झोया, चालायला लागली होती. विमानतळावर ती बापाकडे जाईना. त्याला बघून आईच्या मागे लपली आणि रडली. तो हसत म्हणाला, होईल ओळख, इन्शाल्ला. सामानाची ट्रॉली मीच ढकलत होतो.

आणि ऐका – मध्यंतरी माझी नोकरी गेली. व्हिला सोडून आम्ही कंपनीच्या घरात गेलो होतो, नोकरीबरोबर तेही सोडायचं होतं, मुलाची दहावी तोंडावर. अल थुमामातल्या आपल्या दोन खोल्यांतली एक अल्ताफने आम्हाला दिली. मी मागितलीही नव्हती. झोयाने माझ्या मुलाला अभ्यासाला आपलं टेबल दिलं आणि स्वतः जमिनीवर पालथी पडून चित्रं काढायची. ना अट, ना मुदत – कुठल्या तहात असं कलम असतं? नवी नोकरी लागेपर्यंत आम्ही तिथे जेवलो, झोपलो, हसलो. त्या घराने आम्हाला मोडू दिलं नाही, आणि हे मी रोज मनात म्हणतो. फक्त, जेवताना अल्ताफची बायको, नाझनीनभाभी, त्या जुन्या घरमालकाला नावं ठेवायच्या तेव्हा – मी ताटात बघत राहायचो.

आता माझा आवडता विषय कोणता असेल? विसाव्या शतकातले तह आणि करार. शुक्रवारी आम्ही मराठी माणसं कुणाच्या तरी घरी जमतो, एक जण अर्धा तास बोलतो, मग मिसळ. गेल्या शुक्रवारी माझी पाळी होती. पहिल्या महायुद्धातली इंग्रजांची वचनं घेतली. तुर्कांविरुद्ध उठा, स्वतंत्र राज्य देतो – हे अरबांना. त्यातलाच मुलूख नकाशावर रेघ मारून फ्रान्सबरोबर वाटून घेतला – हे गुपचूप. वर पॅलेस्टाईनमध्ये राष्ट्रीय घर – हे ज्यूंना. आणि त्याच धामधुमीत इथल्या, कतारच्या शेखांशी तह, की आम्हाला विचारल्याशिवाय दुसऱ्या कुणाशी बोलायचं नाही. म्हणजे स्वतः तीन ठिकाणी सोयरीक जमवायची आणि दुसऱ्याला एकनिष्ठ राहायला सांगायचं. रशियात क्रांती झाली, बोल्शेविकांनी तो गुप्त करार छापून टाकला, म्हणून जगाला कळलं तरी.

मी आवाज चढवून विचारलं, एकच गोष्ट दोघांना कबूल करणाऱ्याला काय म्हणायचं? – आणि समोर अल्ताफ मान डोलावत होता. मनापासून. पुढचं वाक्य सोडून मी कागद दुमडला. लोकांना वाटलं भावना दाटून आल्या. टाळ्या पडल्या.

अल्ताफला मीच घरी सोडायला निघालो. तो मिसळीची तारीफ करत होता. सिग्नलला गाडी थांबली आणि मी सांगून टाकलं – संदेश, खोली, म्हाताऱ्यावर घातलेलं खोटं. कारणं सांगितली नाहीत.

सिग्नल सुटला. घर आलं. मग तो एवढंच म्हणाला, की घरमालकाकडे आपण दोघं जायचं, आणि खरं काय ते बोलायचं तू. मी मान हलवली. तो उतरला तेव्हा मी उगाच म्हणालो, इंग्रजांसारखंच झालं रे माझं.

दार लावता लावता अल्ताफ वाकला.

“मेल्या, इंग्रजांकडे आरमार तरी होतं. तू तर स्वतःच भाडेकरू होतास.”