बन्सीच्या मरणाची हकिकत

काष्टीत लग्नाचा मांडव पडला की जेवणं उरकल्यावर कुणीतरी रंभाजीला मधे आणून बसवायचंच. "आबा, बन्सीरावांची हकिकत होऊन जाऊ द्या." म्हातारा पटका सारखा करायचा, घसा खाकरायचा आणि सुरू व्हायचा. इराकातल्या बसऱ्याच्या पलीकडची ती भली मोठी नदी, तुर्काच्या तोफा, दारूगोळा लादलेली खेचरं, आणि खेचरांचा लगाम न सोडता छातीवर गोळी झेललेला त्याचा मेहुणा बन्सी. "'रंभादा, माज्या लेकराला सांग,' येवढंच म्हनला आन गेला." बायका पदरानं डोळे टिपायच्या. बन्सीची बायको मनकर्णा, म्हणजे रंभाजीची धाकटी बहीण, ताठ मानेनं बसून ऐकायची. ती कधी रडली नाही.

चौदा साली जर्मनची लढाई लागली तेव्हा रंभाजी बाविशीचा होता. खेचरांच्या पलटणीत भरती होऊन सहा महिन्यांनी रजेवर आला तो पायात बूट चढवून. भर बाजारातून मिरवला. बन्सी त्याच्या मागं मागं फिरत राहिला. जर्मन कोण, तुर्क कोण, त्यांचं आणि काष्टीचं काय भांडण, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. साहेबाचं राज्य होतं, साहेबाला माणसं हवी होती, एवढंच.

मनकर्णाच्या मांडीवर तेव्हा पाच महिन्यांचं मूल होतं. ती भावाला म्हणाली, "दादा, त्यांना नगं नेऊस. बैलावर चाबूक उगारताना हात कापतो त्यांचा."

रंभाजी हसला. "अगं, आपल्याला कुठं लढायचंय? खेचरं तर हाकायची. मी हाय ना संगं."

दोघं गेले, रंभाजी एकटाच परत आला. त्याच्या आधी सरकारी कागद आला होता, पण इंग्रजीत. पाटलानं त्याचा 'मयत' एवढाच अर्थ लावून सांगितला होता. बहिणीनं दारातच विचारलं, "कसं झालं?" आणि रंभाजीच्या तोंडून ती गोळी निघाली. एकदा निघाली ती निघाली. पुढच्या वर्षी तिला तोफा चिकटल्या, मग लगाम, मग शेवटचे शब्द. मनकर्णानं त्या हकिकतीवर पोराला वाढवलं, नातवंडांना झोपवलं. धाकटा नातू गोरक्ष तर मिसरूड फुटताच पलटणीत गेला. "आज्यासारखा व्हनार," म्हणून गेला.

एकाहत्तरच्या डिसेंबरात पाकिस्तानशी लढाई झाली. पश्चिमेच्या सरहद्दीवर गोरक्षचा डावा पाय सुरुंगावर पडला आणि घोट्यापासून गेला. शिमग्याच्या सुमाराला तो कुबड्यांवर घरी आला. गावानं एस.टी.च्या थांब्यावर हलगी लावली, हार घातले. मनकर्णानं त्याच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. "आज्याचं नाव राखलंस रं."

गोरक्षनं मान खाली घातली. त्यानंतर तो घराबाहेर पडेना.

एका दुपारी रंभाजी त्याच्याकडे गेला. पडवीत दोघंच होते. आत उंबऱ्याशी बसून मनकर्णा जोंधळा पाखडत होती.

"आबा," गोरक्ष हळूच म्हणाला, "आज्याला भ्या वाटलं नसंल का हो?"

"का रं?"

"मी लई भ्यालो. पाय गेला तवा आयेच्या नावानं बोंबलत हुतो. माज्या शेजारी एक पोरगा पडला हुता, माज्याहून जास्त लागलेला. त्याला न्ह्यायला मानसं आली, तर मी त्यांच्या पायाला मिठी मारली. आदी मला न्ह्या म्हनलं. मला नेलं. त्यो तिथंच मेला." "लोकं हार घालत्यात आन मला आज्याकडं बघवत न्हाई."

रंभाजीला अंगावरचा सदरासुद्धा जड झाला. ह्या पोराला कशानं धीर द्यावा हे त्याला कळेना. त्याच्यापाशी एकच गोष्ट होती.

"गोरक्षा, तुज्या आज्याला गोळी लागली न्हाई," तो म्हणाला. "तोफबी न्हवती अन् काय न्हवतं. तळावर पटकी आली हुती. उलट्या-जुलाबानं मेला त्यो. रडत हुता. भ्याला हुता. समदीच भ्याली हुती."

आत सुपाचा आवाज थांबला.

मनकर्णा उंबऱ्यावर येऊन उभी राहिली. तिनं आरडाओरडा केला नाही, की खोटं का बोललास असंही विचारलं नाही. भावाकडे पाहत एवढंच म्हणाली, "शेवटाला पानी कुनी पाजलं?"

आणखी एक खोटं बोलणं सोपं होतं. जिभेवर आलंही होतं.

"मनू, पटकीचे तंबू तळापासनं लांब हुते. हात लावील त्यो मरत हुता. मी बाहीर खेचरं धरून हुबा हुतो. त्यो दिसभर मला हाका मारत हुता, पानी दे म्हनून. मी गेलो न्हाई. सकाळी घोंगडीत गुंडाळून बाहीर आनला."

मनकर्णा वळली आणि आत गेली. थोड्या वेळानं सूप पुन्हा वाजू लागलं.

गोरक्ष मात्र त्या दिवसापासून हळूहळू माणसांत येऊ लागला. पुढं गिरणीवर दळण मोजायला बसला. कुणी लढाईचं विचारलं तर सरळ सांगायचा, "भ्यालो हुतो." त्या शेजारच्या पोराच्या आईला त्यानं पत्र लिहिलं. त्यात काय लिहिलं ते कुणाला सांगितलं नाही.

त्या वर्षी पाऊस पडलाच नाही. दिवाळी कोरडीच आली. भाऊबीजेला रंभाजी न चुकता बहिणीकडे जायचा, तसा गेला. मनकर्णाची सून सुमनबाई दारात आली, ओवाळणीच्या रिकाम्या पाटाकडे पाहत, अवघडून म्हणाली, "सासूबाई सकाळीच शेताकडं गेल्या, मामा." शेतात तेव्हा एक काडी नव्हती. रंभाजी दुपारपर्यंत बसला आणि उठून घरी आला. त्याच्या पुढच्या वर्षीही तसंच झालं.

मांडवात त्यानं नंतर तोंड उघडलं नाही. लोकांना वाटलं, म्हातारा विसरला.

तो विसरला नव्हता. पलटणीतून आला त्याच दिवशी, दारातच, तिला खरं सांगायला हवं होतं. ती भांडली असती, शिव्या दिल्या असत्या, दहा वर्षं तोंड पाहिलं नसतं. मग कधीतरी बोलली असती. तेव्हा ती वीस वर्षांची होती, तिच्यापाशी दहा वर्षं होती.