लिंबू लावलेलं आलं

डिसेंबरचा पहिला रविवार, सकाळ. आलं दीड किलो, एकशे ऐंशी रुपये. हजर दोघंच: मी आणि माझी मुलगी.

ती अंधेरीला मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते, एम.एस्सी. करते. प्रोजेक्ट आल्याच्या अर्कावर. तिने मला समजावलं ते असं: कापलेलं सफरचंद हवेने काळं पडतं, तशीच काहीशी झीज शरीरातही चालू असते. ती अडवणारे पदार्थ म्हणजे अँटिऑक्सिडंट. अर्क एका जांभळ्या द्रावणात घालायचा. रंग जितका उडेल तितका आल्याचा गुण जास्त. किती उडाला ते यंत्र आकड्यात सांगतं. हे मला पटलं.

कॉलेजच्या ओव्हनला नंबर लागत नव्हता, म्हणून आलं आमच्या मुलुंडच्या घरी सावलीत वाळवायचं ठरलं. ते बघायला ती दर रविवारी येणार होती. बायको गेल्यापासून मुलगी सणासुदीलाच येई. आता मी शनिवारीच पोह्यांची तयारी करून ठेवू लागलो.

काप हॉलमधल्या टेबलावर, पातळ फडक्याखाली पसरले होते. एका बुधवारी ऑफिसातून आलो, काप परतवले, आणि लिंबू चिरलं. रस पिळला, सैंधव घातलं, वरखाली केलं. आमच्या घरी आलं वाळवायचं ते असंच. बायको दर थंडीत बरणीभर करायची. कापांच्या कडा गुलाबी दिसायला लागल्या तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे खायचं आलं नव्हे, प्रोजेक्टचं.

लिंबातही तोच गुण असतो. द्रावणाचा रंग उडाला असता, पण आल्याने की लिंबाने, हे कोण सांगणार? काप धुऊन पुन्हा वाळवले असते तर कदाचित तिला कळलंही नसतं आणि रविवार चालू राहिले असते. पण तिचा आकडा खोटा आला असता.

रविवारी ती चपला काढत होती तेव्हाच सांगून टाकलं.

"आल्याला लिंबू लावलंय मी."

"सगळ्याला?"

"सगळ्याला."

"वाट लावलीस ना, बाबा." तिने एक काप तोंडात टाकला आणि बराच वेळ चघळला. "आईपेक्षा मीठ जास्त झालंय."

"तिने प्रमाण कधी सांगितलं नाही."

"तू विचारलंस कधी?"

मी पोहे वाढले. म्हटलं, "आजच नवं आणून घालू वाळत. पुढच्या रविवारी तू आलीस की..."

"नको रे. ओव्हन मोकळा झालाय आता. दोन दिवसांत वाळतं त्यात."

पोहे तिने दोनदा घेतले. मग तिला सोडायला खाली उतरलो. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडे तिने एकेक कांडी मोडून बघत किलोभर आलं घेतलं. मी पाकीट काढलं.

"राहू दे. प्रोजेक्टच्या खर्चात दाखवायचंय," ती म्हणाली, आणि भाजीवाल्याला एकशे तीस रुपये तिनेच दिले.